दोनशे तिसऱ्या, वर अकरा

रविवार, २७ मार्च १९६६

आमच्या पुतण्या गुरुदासने मुंबईहून पाठवलेली ही कंपनीची डायरी जानेवारीपासून तांदळाच्या पिंपावर पालथी पडली होती. हे म्हणाले, नारळ कधी पाडले त्या तारखा लिहून ठेव. नारळ ह्यांचे, तारखा ह्यांनी ठेवाव्यात. मी लग्नाआधी दोन वर्षं शाळेत मास्तरीण होते, मला लिहायला माझं पुष्कळ आहे. इतकी वर्षं वही नव्हती इतकंच.

तर आज लिहायचं कारण असं की सुगंधा घरी आली. शुक्रवारच्या बोटीने देवगडला उतरली आणि तिथून एस्टीने मिठबावला. डोळे अजून हळदीसारखे आहेत. वसतिगृहाच्या पाण्याने कावीळ झाली, डॉक्टरांनी दोन महिने विश्रांती सांगितली. पंचविसाव्या वर्षी पोरीच्या गालांची हाडं दिसावीत म्हणजे काय? मुंबईच्या प्रयोगशाळेत ती जंतूंवर संशोधन करते. जंतू धष्टपुष्ट असतील, ही वाळली.

सोबत एक लहान पत्र्याची ट्रंक आहे. तिला कोणी हात लावायचा नाही म्हणे.

मंगळवार, २९ मार्च

ट्रंकेत काय आहे ते कळलं. दोन लुगड्यांच्या घडीत काचेच्या डझनभर नळ्या, एक बाटली पांढऱ्या पुडीची, आणि दोन नळ्यांत जिवंत जंतू. माझ्या घरात, देवघराच्या भिंतीला लागून.

मी बोलायचं ते बोलले. सुगंधा शांतपणे म्हणाली की हे जंतू आपल्या सगळ्यांच्या आतड्यात असतातच, बिचारे कुणाचं काही बिघडवत नाहीत. ह्यांनी जेवता जेवता टोमणा मारला, "आदी कावीळ घेवन इलंस, आता जंतू. पुढल्या खेपेक काय हाडतलंस?"

सुगंधा हसली. आल्यापासून पहिल्यांदा. मग मीही ट्रंक देवघरापासून हलवून कोठीच्या खोलीत ठेवली आणि विषय संपवला.

शनिवार, २ एप्रिल

आज अक्काने घोटाळा केला. अक्का म्हणजे ह्यांची थोरली बहीण. वय पंच्याहत्तर, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण दिवसभर पडवीच्या पायरीवर बसून राखण करते. कुणी आलं की एकच प्रश्न, "कोणाचो रे तू?" आवाजावरून नि उत्तरावरून माणूस ओळखते आणि मगच आत सोडते. परका असेल तर कितीही गोड बोलो, फाटकातून परत.

दुपारी मालवणचा एक केसांचं तेल विकणारा आला. आवाज थेट आमच्या बाळासारखा, म्हणजे अक्काच्या धाकट्या पुतण्यासारखा. अक्काने विचारलं, "कोणाचो रे तू?" तो पडला धंदेवाला. "तुमचोच, आते," म्हणाला. झालं. बाळा आला म्हणून अक्काने त्याला पडवीत बसवलं, कोकमाचं सरबत पाजलं, आणि मी मागल्या दारी भांडी घासून येईपर्यंत तेलाच्या दोन बाटल्या घेऊन बसली होती. तिची वेणी उंदराच्या शेपटीएवढी आहे.

मी चिडले, पण सुगंधा हसून हसून खाटेवर उठून बसली. "आये," म्हणाली, "माज्या जंतूंच्या दारार पण अशीच एक अक्का बसलेली आसा."

मग तिने तासभर समजावून सांगितलं. मला कळलं तसं लिहिते. जंतूच्या अंगाभोवती कुंपण असतं. अन्न काही त्यातून आपोआप झिरपत नाही. कुंपणाला बारीक दारं असतात आणि प्रत्येक दारावर एक प्रथिन राखणीला असतं. साखरेच्या दारावरचं साखर ओळखतं, दुसऱ्या अन्नाच्या दारावरचं दुसरं. फ्रेंच लोकांनी दहा वर्षांपूर्वी ही गोष्ट शोधून काढली. ते प्रथिन पूर्ण चेहरा बघत नाही, नाकडोळे चाचपतं आणि जुळले की आत ओढतं. सुगंधाच्या बाटलीतलं औषध हे एका अन्नासारखंच दिसतं. तेलवाल्यासारखं. "तुमचोच" म्हणतं, आत जातं, आणि आत गेल्यावर जंतूला घराची भिंतच बांधू देत नाही. जंतू फुटून मरतो.

हे औषध क्षयाच्या रोग्यांना देतात, दुसऱ्या कशाने बरं वाटत नाही त्यांना. माझा भाई क्षयाने गेला तेव्हा असलं काही आमच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. सुगंधा तेव्हा सात वर्षांची होती. ती हे का शिकायला गेली ते तिने कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

शुक्रवार, ८ एप्रिल

तिच्या सरांचं पत्र आलं. तिने ते वाचून उशीखाली ठेवलं. रात्री जेवणानंतर खोदून विचारलं तेव्हा सांगितलं.

तिच्याकडे दोन जातींचे जंतू आहेत. एक साधे, औषधाने मरणारे. दुसरे त्यांच्यातूनच निपजलेले, औषधाला न जुमानणारे. त्यांना मी हट्टी म्हणते. हट्टी का मरत नाहीत? सर म्हणतात, ते औषधाचे तुकडे करून टाकतात. सुगंधा म्हणते, तसं नाही, त्यांच्या त्या दारावरची अक्काच नाहीशी झाली आहे, आत ओढून घ्यायला कोणी नाही म्हणून औषध आत जातच नाही. (अक्का पडवीतून ओरडली, "माका मारूक बघतंस काय गो?")

मी विचारलं, दार बंद झालं तर हट्टी खातात काय? सुगंधाने माझ्याकडे जरा बघितलं आणि म्हणाली, चांगला प्रश्न आहे, त्यांना दुसरी दारं असतात, आणि ते अन्न ते घरीही बनवू शकतात.

सरांनी लिहिलं आहे की पंधरा मेच्या आत पुरावा पाठव. नाहीतर त्यांच्या मताप्रमाणे लेख छापायला जाईल, त्यात तिचं नाव नसेल, आणि जूनमध्ये शिष्यवृत्ती पुढे दोन वर्षं द्यायची की नाही तेही त्यावरच ठरेल. शिष्यवृत्ती नाही म्हणजे मुंबई नाही.

सरांना वाईट म्हणवत नाही. पुरावा मागणं चूक कसं? पण पोरीला कावीळ झालेली असताना मागावा का?

नेमकं आजच परशुराम भावोजींनी पिंगुळीचं स्थळ आणलं. मुलगा कुडाळला शाळेत गणित शिकवतो. माणसं चांगली आहेत, इथून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. मी सुगंधाला अजून काही बोलले नाही.

बुधवार, १३ एप्रिल

आमच्या घराची प्रयोगशाळा झाली आहे. जंतूंना वाढायला रस लागतो, मटणाचा, चरबी काढलेला, बिनमसाल्याचा, पातळ. कावीळ झाल्यापासून सुगंधाला मटणाचा वास सोसत नाही, म्हणून रस मी काढते आणि ती नाकाला पदर लावून अंगणात बसते. मटणात मसाला न घालता चुलीवरून उतरवायचं म्हणजे हाताला शिक्षा आहे. चार वेळा धोतराच्या फडक्यातून गाळायचं, मग नळ्यांत भरून गणपतीच्या मोदकपात्रात वाफवायचं. तीन दिवस ओळीने, रोज अर्धा तास. एका दिवसाच्या वाफेने लपलेले जंतू मरत नाहीत म्हणे.

नळ्या माणसाच्या अंगाइतक्या उबेत ठेवायला लागतात. इथे ऊब कुठून आणायची? सुगंधा थर्मामीटर घेऊन घरभर फिरली. शेवटी आंब्यांच्या अढीत खुपसला आणि आनंदली. गवताखाली पिकत्या आंब्यांची ऊब बरोबर हवी तेवढी होती. हे दोन दिवस कुरकुरले. "माज्या हापूसाक जुलाब झाले तर जबाबदार कोण?" पण तिसऱ्या दिवशी त्यांनीच नळ्यांच्या डब्यासाठी कोपऱ्यातलं गवत सारून जागा केली, आणि आता सकाळी आंब्यांच्या आधी नळ्या बघतात.

रस गढूळ झाला तर जंतू जगले, निवळ राहिला तर मेले. इतकं सोपं आहे. पहिल्या खेपेला औषध घातलेल्या रसात साधे मेले, हट्टी जगले. सगळं व्हायला हवं तसं झालं.

तिच्या वहीचा एक नियम मला आवडला. जे घडलं ते त्याच दिवशी लिहायचं. पान फाडायचं नाही, खोडरबर चालवायचं नाही, चुकलं तर एक रेघ मारायची पण खालचं वाचता आलं पाहिजे. मापं सगळ्यात शेवटी, वेगळ्या ओळीत. मीही ह्या डायरीला तोच नियम लावणार आहे.

बुधवार, २० एप्रिल

आज मुख्य प्रयोगाचा रस काढायचा होता. सुगंधाचा बेत असा: हट्ट्यांना औषधाच्या रसात दोन दिवस वाढू द्यायचं. मग गरम पाण्यात धरून त्यांना मारायचं, गाळ खाली बसू द्यायचा, आणि वरच्या निवळ रसात साधे जंतू सोडायचे. साधे मेले तर औषध तिथे जसंच्या तसं आहे, हट्ट्यांनी मोडलेलं नाही, आणि सर चुकले. साधे जगले तर औषध संपलं, आणि सुगंधा चुकली.

पण खाटीक सोयऱ्याच्या लग्नाला गेलेला. गावात मटण नाही. देवगडला माणूस पाठवता आला असता, सकाळची एस्टी होती. मी पाठवला नाही. अमावास्येची ओहोटी, मासळी विकणारी तुळसा तिसऱ्यांची, खाडीतल्या शिंपल्यांची, पाटी घेऊन दारात उभी, आणि माझ्या मनात आलं, रस तो रस. तिसऱ्यांचा रस तर बाळंतिणीला देतात. जंतूंना काय झालं?

असं वर वर लिहून पुढे जाता येईल, पण नियम केला आहे तर खरं लिहिते. एस्टी जाईपर्यंत मी मुद्दाम कालवणात हात घालून बसले. मनात असंही आलं की रस जरा कमीअधिक झाला आणि प्रयोग फसला, तर फसू दे. पोरगी घरी राहील. डोळ्यांचा पिवळेपणा जाईल, गालांवर मांस येईल, पिंगुळीला दिली तर दसऱ्यादिवाळीला दिसेल तरी. मुंबईला पुन्हा गेली तर पुढच्या खेपेला बोटीतून काय उतरेल ते देवाला माहीत. मी आई आहे, मला सरांसारखा पुरावा नको.

सुगंधाने नळी उजेडात धरली आणि म्हणाली, आज रस फिका दिसतो. मी म्हणाले, बकरो रोडको होतो.

दोनशे तिसऱ्या, वर अकरा. पाणी तीन तांबे, आटवून दीड. मीठ नाही.

रविवार, २४ एप्रिल

अढी उघडायचा दिवस. बाळा आणि त्याचे भाऊ, त्यांच्या बायका, मुलं, मालवणपासूनची सगळी मंडळी आंबे न्यायला आली. पडवीत पाय ठेवायला जागा नव्हती. अक्का "कोणाचो, कोणाचो" करून दमली. त्यातच तो तेलवाला पुन्हा उगवला. पण त्याला बोलायला वावच मिळेना. फाटकात पिशवी घेऊन उभा राहिला, दोनदा "आते, आते" म्हणाला, आणि घरच्या माणसांच्या गर्दीत अक्काने त्याच्याकडे तोंडही वळवलं नाही. शेवटी गेला बिचारा. जाताना मीच त्याला एक आंबा दिला.

नळ्यांचा डबा ह्यांनी सकाळीच उचलून चुलीमागच्या कोनाड्यात, तितक्याच उबेत ठेवला होता. कुणाच्या हाताला लागू नये म्हणून. सुगंधाला न सांगता.

मंगळवार, २६ एप्रिल

साधे जगले. तिन्ही नळ्या ताकासारख्या गढूळ.

म्हणजे औषध संपलं होतं. म्हणजे सरांचं खरं.

आज सकाळी ते बघितल्याबरोबर मला पहिल्यांदा काय वाटलं ते लिहिते: बरं वाटलं. मनात एकदम सैल झालं, राहील आता पोरगी, असं. मग मी तिच्या तोंडाकडे बघितलं.

ती रडली नाही. नळ्या धुतल्या, पुसल्या, ओळीत पालथ्या घातल्या. दुपारी सरांना पत्र लिहायला बसली की आपलं म्हणणं बरोबर आहे, माझं चुकलं. दोन ओळी लिहून थांबली. जेवली नाही. तिच्या आवडीचं सुरमईचं तिखलं केलं होतं. संध्याकाळी अक्काजवळ पायरीवर बसून राहिली, आणि अक्काने तिच्या पाठीवरून हात फिरवत नवीन तेल तिच्या डोक्याला लावलं.

मला बरं वाटलं होतं ते सगळं दुपारपर्यंत आंबून गेलं. भाई आठवतो. त्याला शेवटी शेवटी औषध म्हणून नदीकाठचा पाला वाटून देत होतो आम्ही. तेव्हाही कोणीतरी असंच म्हटलं असेल, रस तो रस.

गुरुवार, २८ एप्रिल

काल सांगायचं ठरवलं होतं, धीर झाला नाही. आज सकाळी ती पत्र पाकिटात घालायला लागली तेव्हा मी तिच्या हातावर हात ठेवला. म्हणाले, "तो रस मटणाचो नाय होतो. तिसऱ्यांचो होतो. बकरो रोडको नाय होतो, बकरोच नाय होतो."

तिने मान वर केली. मला वाटलं आता ओरडेल. ओरडली असती तर बरं. तिने पाकीट हळूच खाली ठेवलं, आणि अक्काने पडवीतून विचारलं, कोण मेलं म्हणून.

मग तिने भलतंच विचारलं. "आये, त्या आयतवारी तेलवालो परत कित्याक गेलो?"

मला वाटलं तापबीप चढला. म्हटलं, "त्याका जागा खंय होती? दारात सगळी आपलीच माणसां..."

ती उठली आणि पाकीट फाडून दोन तुकडे केले. डोळे चमकत होते, आणि पांढरे होते, हे मला तेव्हाच दिसलं. पिवळेपणा कधी गेला कळलंच नाही. म्हणाली, तिसऱ्यांच्या रसात ते खरं अन्न भरपूर असणार. दारावर घरच्या माणसांची एवढी गर्दी झाली की औषधाला आत जायला मिळालंच नाही. औषध संपलं नव्हतं, बाहेर ताटकळत होतं.

मग स्वतःवर चिडली. ताजं औषध ह्याच रसात घालून साध्यांवर आधी बघायला हवं होतं, नळ्या कमी होत्या म्हणून ती पायरी गाळली, असं म्हणाली. माझ्यावर चिडलीच नाही. ते मला जास्त लागलं.

मटण का आणवलं नाही ते तिने विचारलं. मी म्हटलं, खाटीक नव्हता. हे खोटं नाही. पुरं खरंही नाही.

शनिवार, ३० एप्रिल

उरलेल्या तिसऱ्यांच्या रसात आज कोरं करकरीत औषध घातलेली नळी बघितली. साधे जंतू मजेत जगले. शेजारच्या नळीत औषध चौपट घातलं होतं, तिथे मेले. सुगंधा म्हणाली, बघ, चार तेलवाले आले तर एखादा घुसतोच.

ह्यांनी दोन्ही नळ्या उजेडात धरून आलटून पालटून बघितल्या आणि गंभीरपणे अक्काला सांगितलं की तू आता शास्त्रात गेलीस.

शनिवार, ७ मे

रविवारी देवगडहून मटण आणवलं. पहाटे मीच ह्यांना उठवून एस्टीला घातलं. तीन दिवस वाफ, दोन दिवस हट्टी, मग साधे. आज सकाळी घरातली सगळी चुलीमागच्या कोनाड्यापुढे उभी होती. अक्कासुद्धा भिंत धरून आली, दिसत काही नाही तरी.

तिन्ही नळ्या निवळ. विहिरीच्या पाण्यासारख्या. औषध जसंच्या तसं होतं, हट्ट्यांनी त्याला बोटही लावलं नव्हतं.

सुगंधाने पत्र लिहिलं, अकरा पानं. हे स्वतः देवगडला जाऊन रजिस्टर करून आले. मी आज तिखलं केलं, ती तीनदा भात घेऊन जेवली. घर भरल्यासारखं वाटलं.

परशुराम भावोजींना ह्यांनी परस्परच सांगितलं, पिंगुळीकरांना दोन वर्षं थांबायचं तर थांबा म्हणावं, नाहीतर त्यांना दुसऱ्या मुली पुष्कळ. मला विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय म्हणाले असते कोण जाणे.

बुधवार, १८ मे

सरांचं उत्तर आलं. सुगंधाने मोठ्याने वाचून अर्थ सांगितला. मटणाच्या रसाचा प्रयोग त्यांनी स्वतः करून बघितला, तसाच आला. लेखात सुगंधाचं नाव पहिलं घालणार. शिष्यवृत्तीचं ते बघून घेतील. पण तिसऱ्यांच्या रसाची गोष्ट त्यांना सगळ्यात जास्त आवडली, ती त्यांना तिथे पुन्हा करायची आहे, तर तिसऱ्या किती, पाणी किती, कोणत्या दिवशीच्या, ते अचूक पाहिजे.

सुगंधा माझ्याकडे वळली. "तू लिवन ठेवलेला असतलंस."

मी म्हणाले, सांगते उतरवून. ती म्हणाली, उतरवलेलं चालत नाही, आये, तुला ठाऊक आहे. ज्या दिवशी लिहिलं ते मूळ पान बघायला लागतं. मी माझ्या वहीत लिहिणार, की स्वतः पाहिलं.

मी उद्या देते म्हणाले.

शुक्रवार, २० मे

दोन दिवस डायरी पिंपात, तांदळाच्या खाली होती. वीस एप्रिलचं पान मी पाच वेळा वाचलं. फाडता येईल. मग वीस एप्रिलला काही लिहिलंच नव्हतं म्हणता येईल. एक जाड रेघ मारता येईल. पण खालचं वाचता आलं पाहिजे, असा नियम आहे, आणि नियम माझ्या आधी तिचा आहे.

आईने पोरीचा प्रयोग फसावा असं मनात आणलं, हे पोरीने वाचावं का? वाचून ती बोटीत बसली तर पुन्हा येईल का? पण न दिलं तर ती पहिली ओळ सरांना काय लिहील, की माप अंदाजे? इतकं करून अंदाजे?

दुपारी पान उघडून डायरी तिच्या मांडीवर ठेवली आणि मी कळशी घेऊन विहिरीवर गेले. कळशी भरलेली होती हे विहिरीवर गेल्यावर कळलं.

परत आले तर डायरी मिटून पिंपावर ठेवलेली होती. सुगंधा वहीत लिहीत होती. मान वर न करता विचारलं, "वरची अकरा तुळसान मोजून दिल्यान, काय तू मोजलंस?"

मी म्हणाले, मी मोजल्या.

"बरा," म्हणाली आणि लिहीत राहिली.

सोमवार, २३ मे

ह्या मोसमातली शेवटची बोट. देवगडच्या धक्क्यावर हे आणि मी गेलो. ट्रंकेत नळ्या, आणि एका जुन्या लुगड्यात बांधलेल्या सुकवलेल्या तिसऱ्या. अक्काने निघताना तिच्या तोंडावरून हात फिरवून विचारलं, "कोणाचा गो तू?" आणि तिने सांगितलं, "तुमचाच, आते." दोघी हसल्या. मला काही हसू आलं नाही.

पडावातून बोटीकडे जाताना तिने हात केला. गालांवर आता मांस आहे, एवढं बघितलं. पाणी उकळून पी, असं मी तीनदा ओरडून सांगितलं. तिन्ही वेळा तिने मान हलवली.

घरी येऊन दिवा लावला आणि लिहायला डायरी घेतली. आजचं पान काढताना मागची पानं चाळली. वीस एप्रिलच्या समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलेलं आहे:

"आये, ह्यां पान मी वाचूक नाय. माप तेवढा घेतलंय. सुगंधा."

वाचून माझा जीव भांड्यात पडला. वाचलं नाही तिने. मी ह्यांना हाक मारून दाखवणार होते.

मग पुन्हा एकदा बघितलं. तिची अक्षरं 'पोरगी घरी राहील' ह्या ओळीच्या शेजारी आहेत. माप त्या पानाच्या अगदी शेवटच्या ओळीत आहे.